झंस्कारची भरती चार वाजता

भाई,

झंस्कार नदी एकाच दिशेने वाहते. हे एवढं एक वाक्य तुझ्या तोंडून वदवून घ्यायचं म्हणून मी सहा वर्षं तुझ्या मागे होते. चतुर्थीला विचारलं, दिवाळीच्या पोह्यांना विचारलं, शेवटी इस्पितळात हाताला सलाईन असतानाही विचारलं. तू डोळे मिटूनच म्हणालास, "पळोवया." तुझं नेहमीचं "बघू या". आणि दुसऱ्या दिवशी गेलास. कुठल्याही कागदावर सही न करता निसटायची तुझी खोड जुनीच.

काल तुझं बारावं झालं. भटजी वेळेवर आले, पानं कमी पडली नाहीत, पाहुण्यांच्या चपलांसाठी मी वेगळी जागा केली होती तीही लोकांनी वापरली. तू असतास तर माझ्या हातातली यादी ओढून घेतली असतीस आणि न वाचता सगळ्या ओळींपुढे बरोबरच्या खुणा करून परत दिली असतीस. काम झालं की खूण करायची, ही माझी पद्धत. खूण केली की काम झालं, ही तुझी. या एका मतभेदावर आपण दोघा भावंडांनी पन्नास वर्षं काढली.

पण तुझ्याकडून जे वाक्य मला हवं होतं, त्याच्या जोडीचं एक वाक्य माझ्याकडून तुला येणं होतं. ते मी सहा वर्षं दाबून ठेवलं आणि काल, तू ऐकायला नसताना, सगळ्या गावासमोर बोलले. म्हणून हे लिहायला बसले आहे. सुरुवातीपासून लिहिते, कारण मधूनच सुरू केलं की तू फाटे फोडतोस.

खाणी बंद पडल्या आणि तुझी बार्ज आमोण्याच्या काठाला बांधून ठेवली, ते वर्ष मला आठवतं. तीस वर्षं तू त्या बार्जवर खनिज भरून मांडवीतून खाली जात होतास, भरतीबरोबर रिकामा वर येत होतास. गावाने तुला कॅप्टन हे नाव दिलं होतं. बार्ज बांधली आणि तू दारापुढच्या बालकांवात नदीकडे पाठ करून बसायला लागलास. वयनी मला साखळीला फोन करायची. "बाय, हे भिंतीकडे बघतत. भिंतीत काय आसा ता तूच येऊन इचार."

मी आले आणि भिंतीबद्दल काही न विचारता सरळ विचारलं, "भाई, कुठे जायचं?"

"उदक धांवता थंय व्हर म्हाका," तू म्हणालास.

झालं. शाळेच्या कार्यालयात माझी अर्जित रजा साठली होती. चौकशी केली. धावणारं पाणी, त्यात रबराची होडी, डोक्यावर हेल्मेट, हे सगळं आपल्या सत्तरी तालुक्यातही मिळतं. पण तेही पावसात, आणि पावसात तुझा खोकला. तेव्हा जुलैत पाऊस नसलेली जागा हवी. लडाख. गवताची काडी नसलेले डोंगर, वाळू, ऊन आणि मधून वेड्यासारखी धावणारी नदी. तुला सांगितलं तर तू म्हणालास, "वाळवंटांतली न्हंय पळोवपाक लडाखाक कित्याक? साखळेंत वाळवंटी आसा न्हय?" साखळीच्या वाळवंटी नदीवरचा हा विनोद तू गावात निदान चाळीस घरी केलास. मी मोजत होते.

आमच्या यांना उंचीचा त्रास, ते आले नाहीत. आपण तिघंच गेलो. तू, वयनी आणि मी. माझी यादी बहात्तर ओळींची होती. तिच्यात नारळ नव्हता, उंडे पाव नव्हते, सुक्या कोळंबीची किसमूर तर नव्हतीच. तरी ते तिन्ही पोचले.

चिलिंग नावाच्या गावात उंचीची सवय व्हावी म्हणून आपण दोन दिवस राहिलो. मी विश्रांती घेत होते. यादीत तसं लिहिलं होतं. तू मात्र नदीकाठी जाऊन दगड रचत होतास. संध्याकाळी दगड बुडाला. सकाळी तो उघडा. दुसऱ्या संध्याकाळी परत बुडाला. तू आपल्या वितीने मोजलंस. मग आपला वाटाड्या दोर्जे, पन्नाशीचा, तोंडात सदा एक लवंग, त्याला जाऊन विचारलंस, "पानी चढता है, उतरता है?"

दोर्जे म्हणाला, "हाँ जी, रोज. शाम को चढता है, सुबह उतरता है."

बस. यापुढे तू कोणालाही काही विचारलं नाहीस. माझा सगळा वाद याच एका जागी आहे, भाई. दुसरा प्रश्न का विचारला नाहीस?

निघायच्या दिवशी तू काठावर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलंस. अंगात काळा रबरी सूट, डोक्यावर लाल हेल्मेट, हात जोडलेले. "बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां परक्या मुलखाच्या पाण्यांत देंवतात. चुकलें-माकलें पदरांत घे, आनी ह्या रबराच्या व्हड्याक सांबाळ, म्हाराजा!" मी आणि वयनीने "व्हय म्हाराजा" म्हटलं. आपल्या होडीत नागपूरचं एक जोडपं होतं, निवृत्त, फार सभ्य माणसं. त्यांनीही घाईघाईने "व्हय म्हाराजा" म्हटलं. दोर्जेने काही न कळता हात जोडले.

मी तुला बाजूला घेऊन म्हटलं, "भाई, गावच्या देवाची हद्द गावच्या शिवेपर्यंत. तो इथे कसा येईल?"

"तो येता गो," तू म्हणालास. "तुजेसारको ताका रजेचो अर्ज करचो पडना."

आपल्या पुढे एक माणूस एकट्याच्या अरुंद कयाकमध्ये चालला होता. कोणी पडलं तर उचलायला. कमरेपासून खाली तो त्या होडीतच गच्च बसवलेला, वर फक्त धड आणि दुतोंडी वल्हं. तू बराच वेळ त्याचं निरीक्षण केलंस आणि मला म्हणालास, "ती व्हडी बसपाची न्हय गो बाय, न्हेसपाची." त्यानंतर दिवसभर तो माणूस मला घट्ट पायजमा घालून पोहणारा दिसत राहिला.

पहिल्या फेसाळत्या टप्प्यात सगळे ओरडले, तू सोडून. तू दोर्जेला सूचना देत होतास. तीस वर्षं उंच केबिनमध्ये उभं राहून बार्ज चालवलेली, त्यामुळे बसून वल्हं मारायचं हे तुला मजुरीचं काम वाटत होतं. दुसऱ्या टप्प्यात पुढचा खडक कुठे आहे ते बघायला तू उठून उभा राहिलास. वयनी ओरडली, "बसा म्हटला तर बसाचा नाय! कधीच बसाचा नाय!" आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत तू होडीत नव्हतास.

ते पाच-सहा क्षण मी यादीशिवाय जगले. तेवढे पुरेत.

मग लाल हेल्मेट वर आलं. कयाकवाला वळून तुझ्यापाशी पोचला, तू त्याच्या होडीच्या टोकाची दोरी धरलीस, आणि आम्हाला पाण्याच्या आवाजातूनही तुझा आवाज ऐकू आला. तू त्याला ओरडून सांगत होतास, "दाव्यान घे! दाव्यान, दाव्यान!" बुडता बुडताही सुकाणू तुझ्याचकडे. दोर्जेने तुझ्या जॅकेटच्या पट्ट्यांना धरून तुला माशासारखा आत ओढला. तू होडीच्या तळाशी उताणा पडलास, ओठ निळे, आणि तुझं पहिलं वाक्य होतं, "गोडें उदक, बाय! सगळें गोडें!"

आमोण्याचं पाणी मचूळ, तीस वर्षं तुझ्या मिश्यांना खारट वास. तू जीभ फिरवून फिरवून ते गोडं पाणी चाटत होतास. बार्ज बांधली त्या दिवसापासून तुझ्या तोंडावर जे दिसत नव्हतं ते त्या क्षणी दिसलं. बहात्तर ओळींपैकी एकही ओळ त्याबद्दल नव्हती, पण प्रवास त्याचसाठी होता. हे मी तुला तेव्हा म्हटलं नाही. तेव्हा मी तुझ्या पाठीत दोन गुद्दे घातले.

दुपारी आपण निम्मूला उतरलो, जिथे झंस्कार सिंधूला मिळते. ऊन कडक, वारा त्याहून कडक. रबरी सूट लगेच काढून द्यायचे होते, दुसरा गट वाट बघत होता. गाडी आपल्या आधीच रस्त्याने येऊन उभी होती. मी मागचं दार उघडलं. आपल्या कपड्यांची मोठी निळी पिशवी तिथे नव्हती.

"भाई, पिशवी खंय?"

"थंयच," तू म्हणालास. दात वाजत होते, पण आवाज कॅप्टनचा. "चिलिंगाक, फातराच्या आडोशाक. कित्याक ड्रायव्हराक उगीच वजें? परत थंयच वतलों न्हय?"

"परत कसे?"

"चार वाजता भरती गो. आज सप्तमी म्हणजे भांगाचें उदक, व्हड भरती न्हय, सवकास येतलें. आनी त्या खडपांचें भंय नाका. भरतेंत तीं बुडटलीं."

मी दोर्जेकडे पाहिलं. त्याने लवंग या गालातून त्या गालात घेतली.

"कैप्टन साहब," तो अगदी आदराने म्हणाला, "ये नदी वापस नहीं आती. ये यहाँ से पाकिस्तान जाती है."

तू सिंधूकडे पाहिलंस, मग मागे झंस्कारकडे. विचार केलास आणि म्हणालास, "मग पिशवी थंय उरली तेंच बरें जालें."

एवढ्यावर भागलं असतं. पण नागपूरचे गृहस्थ हळूच पुढे आले. "अहो, आमचीही पिशवी तिथेच आहे. कॅप्टन म्हणाले भरती येते. तुम्हाला सांगू नका म्हणाले, तुम्ही यादी काढाल."

त्यांची बायको त्यांना म्हणाली, "नागपुरात एवढी वर्षं काढली, नाग नदी कधी परत आलेली पाहिली का तुम्ही?"

आणि मी खरोखरच यादी काढली. प्लास्टिकमध्ये घालून गळ्यात अडकवलेली होती. त्या वाऱ्यात, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचली. "ओळ एकेचाळीस. कोरडे कपडे, गाडीत. खूण भाईची." तू हसलास. सगळेच हसले. तू सगळ्यांत मोठ्याने.

गाडी पिशव्या आणायला उलटी गेली. तोवर जर्दाळू वाळत घालणाऱ्या तिथल्या दोन बायकांनी आपल्याला त्यांचे लांब, पायघोळ, लोकरी गोंचे घालायला दिले. आपण पाच जण भिंतीच्या उन्हाला ओळीने बसलो. वयनीला तो मरून रंग इतका शोभला की ती सोडायला तयार नव्हती. तुझा गोंचा त्यांच्यापैकी एकीच्या सासूचा होता आणि गुडघ्यांपर्यंतच येत होता. तो फोटो काल तुझ्या बाराव्याला लावावा असं माझं मत होतं. वयनीने हाराचा फोटो लावला. पिशवी परत आली तेव्हा किसमूर तेवढी कोणीतरी खाऊन टाकली होती. बाकी सगळं शाबूत.

आता पुढचा भाग, जो मला आवडत नाही.

त्या चतुर्थीला मी आमोण्याला आले आणि ही गोष्ट सांगितली. गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली सगळं घर जमलेलं. लोक हसून हसून लोळले. मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की मी बोलते तेव्हा लोक हसूही शकतात. मी ती शाळेत सांगितली, बसमध्ये सांगितली, लग्नात सांगितली. सांगता सांगता घासून-पुसून चकचकीत केली. कुठे थांबायचं, दोर्जेची लवंग कधी फिरवायची, सगळं बसलं. तू समोर असलास तर आणखी रंगायची, कारण शेवटी तू नेहमी म्हणायचास, "पळोवया, पळोवया," आणि पुन्हा हशा.

गावात तुझं नाव "सिंधूचो कॅप्टन" झालं. पोरं विचारायची, "भाई, भरती कितें वाजता?"

पण हाच प्रश्न गाव तुला आधी खरोखर विचारत असे, भाई. बार्ज गेल्यावर तुझ्याकडे तेवढं एकच काम उरलं होतं. विसर्जनाला गणपती कधी न्यायचा, पायरीला पाणी कधी लागेल, हे तू पंचांग न उघडता सांगायचास, आणि वाडा त्या वेळेवर निघायचा. गोष्ट गावभर झाली त्याच्या पुढच्या वर्षी कोणीतरी विचारताना डोळा मारला. तू म्हणालास, "मोबायलार पळय." त्यांनी पाहिलं. मोबाइलवर पणजीची भरती असते. तिथून आमोण्याला पाणी चढायला आणखी तास-दीड तास लागतो, हे मोबाइलला काय माहीत? मला तरी कुठे माहीत होतं? वाडा पणजीच्या वेळेला काठावर आला आणि गुडघाभर चिखलातून गणपती डोक्यावर घेऊन चालला. तू वर रस्त्यावर उभा होतास, हात मागे बांधून, गप्प. मी तुझ्या शेजारी होते. मला ते दिसलं. मी काहीच बोलले नाही.

आणि बोलण्यासारखं माझ्याकडे होतं. लडाखहून परत आल्यावर महिन्याभरातच आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या परब सरांना मी ही गोष्ट सांगितली. ते हसले, आणि मग म्हणाले, "पण बाई, तुमच्या भावाने पाणी बरोबर मोजलं हो. दिवसा उन्हाने वर बर्फ वितळतं. ते पाणी खाली पोचेपर्यंत संध्याकाळ होते. सकाळी पुन्हा उतरतं. त्या नदीला रोज चढ-उतार असतो. नुसता दगड रचून दोन दिवसांत हे टिपलं म्हणजे नजर पक्की आहे माणसाची."

मी वहीत लिहिलं, "भाईला सांगणे." मग ते नव्या वर्षाच्या वहीत उतरवलं. मग त्याच्या पुढच्या. माझ्या वह्यांत एखादं काम दोनदा उतरवावं लागलं तर मला रात्रीची झोप लागत नाही, हे तुला माहीत आहे. हे सहा वेळा उतरवलं. कारण एकदा हे सांगितलं की माझी गोष्ट लंगडी होणार. "भाई चुकला" यावर हसता येतं. "भाईने पाणी बरोबर ओळखलं, फक्त त्याची दिशा चुकली" यावर कोण हसणार?

तर काल. जेवणं उरकली, माणसं बालकांवात सैलावली. पोटात पायस गेल्यावर दुःख जरा बाजूला सरकून बसतंच. वाड्यावरचा शाबा म्हणाला, "बाय, ती भरतीची सांग. भाईक बरें दिसतलें."

मी सांगितली. नेहमीसारखी. दगड, लवंग, निळी पिशवी, पाकिस्तान. लोक डोळे पुसून पुसून हसले, काही नुसतेच पुसत होते. शेवटी सगळे तुझ्या "पळोवया"साठी थांबले. ते आलं नाही. त्या रिकाम्या जागेत मी परब सरांचं सगळं सांगून टाकलं. बर्फ, ऊन, संध्याकाळचं पाणी. सहा वर्षं मला माहीत होतं, हेही सांगितलं. आमोण्याच्या पाण्याबद्दल या गावात एकच माणूस बोलायला लायक होता आणि त्याला आपण, म्हणजे आधी मी, गप्प केलं, हेही सांगितलं. कार्यालयातला अहवाल वाचावा तशी बोलले. दुसरं मला येत नाही.

शाबा म्हणाला, "म्हणजे भाई बरोबर आशिल्लो?"

"अर्धो," वयनी आतून म्हणाली.

ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि माझ्या शेजारी खाली बसली. "ह्यांका म्हायत होता गो," ती मला म्हणाली. "त्याच सांजेक दोर्ज्यान सगळा समजावन सांगल्यान. बरफ वितळता नि पाणी चढता, ता."

"मग बोलला का नाही? सहा वर्षं?"

"मी इचारलंय. माका म्हणाले, बायक सांगू नको. बाय ती गोष्ट काय बरी सांगता! आयुष्यभर याद्या केल्यान, आता खंय लोक तिका बघून हसतत. चलांदे."

सगळे हसले, भाई. माझ्यावर. आणि मी त्यांच्यात होते.

म्हणजे तू प्रत्येक चतुर्थीला तिथे बसून, सगळं माहीत असून, माझी लवंग फिरायची वाट बघत होतास. चिखलातला गणपती बघतानाही तुझ्याकडे उत्तर होतं, आणि ते तू गिळलंस, माझी एक गोष्ट शाबूत राहावी म्हणून. याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी सकाळपासून रागावलेली आहे. आभारही मानायचे आहेत, पण राग आधी आहे, क्रमाने घेते.

ती गोष्ट बिघडवायला हवी होतीस, भाई. मला चाललं असतं. पहिल्या दिवशी नसतं चाललं. पण चाललं असतं.

तुझी,
बाय